भाड्याच्या वाहनाचा धनी : खालापूर-कर्जतच्या वाटेवरील अपघात आणि भरपाईचा कायदा

पनवेलहून चौक, खालापूर, खोपोली अशी गावे घेत बोरघाटाच्या पायथ्याशी येणारा रस्ता हा भाडोत्री वाहतुकीच्या दृष्टीने महाराष्ट्रातील जुन्या रस्त्यांपैकी एक होय. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाट चाकांच्या गाड्यांना खुला झाला. तोवर घाटाची चढण पायी, घोड्यावर किंवा पालखीतून करावी लागे. मुंबईहून निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदरावर उतरे, तेथे गाडी ठरवी, आणि ती गाडी त्याला घाट चढवून पुण्यास नेई. पुढे १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत व १८६३ साली घाट चढून वर गेली, तेव्हा हा रस्ता काही काळ ओस पडल्यासारखा झाला. कर्जत मात्र रेल्वेमुळे वाढले, आणि स्थानकाबाहेर टांग्यांचा अड्डा हे त्याचे ठळक चिन्ह बनले. मोटारगाडी आली तसा रस्त्याला पुन्हा जीव आला, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहतुकीस खुला झाल्यावर खालापूर तालुका दोन महानगरांमधील अहोरात्र वाहणारा पट्टा होऊन बसला.

या सबंध काळात एक गोष्ट बदललेली नाही. या वाटेवरून जाणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच्या गाडीत, भाडे देऊन, अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव सोपवून प्रवास करीत आले आहेत. गाडी उलटली, प्रवाशाचा पाय मोडला किंवा रस्त्याकडेने चालणारा कातकरी मजूर चिरडला गेला, तर भरपाई कोणाकडे मागावयाची हा प्रश्न घोड्याच्या गाडीच्या काळी जसा होता तसाच मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या काळीही आहे. गाडी हाकणारा बहुधा निर्धन असतो. त्याच्यामागे उभा असलेला धनी शोधणे, हाच या शाखेतील कायद्याचा दीडशे वर्षांचा उद्योग होय. मात्र हा शोध दोन निराळ्या वाटांनी चालला. वाहनाला परवाना देणारा कायदा एका वाटेने गेला, जखमीला भरपाई देणारा कायदा दुसऱ्या वाटेने. या दोन वाटा कोठे मिळाल्या आणि कोठे मिळाल्या नाहीत, हे पाहिले म्हणजे आजच्या अॅपवरील टॅक्सीचा पेच कोठून निघाला ते कळते.

प्रारंभी मुफसल न्यायालयांपुढे अपघाताच्या भरपाईसंबंधी कोणताही लेखी कायदा नव्हता. एल्फिन्स्टनच्या संहितेतील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाने, जेथे अधिनियम, रूढी वा पक्षकाराचा धर्मशास्त्रीय कायदा लागू होत नाही तेथे न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांनुसार निर्णय द्यावा, असे सांगितले होते. या शब्दांचा अर्थ व्यवहारात इंग्लिश कायदा असाच होत गेला. पुढे १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने त्यावर शिक्कामोर्तब करताना, तो कायदा भारतीय समाजाच्या परिस्थितीस लागू पडण्याजोगा असला पाहिजे, एवढी अट घातली. तेव्हा खालापूरजवळ उलटलेल्या गाडीचा न्याय करावयाचा तर न्यायाधीशाने लंडनच्या रस्त्यांवरील खटल्यांकडे पाहावयाचे, अशी स्थिती होती.

आणि त्या खटल्यांतून काय मिळत होते? १७९७ सालच्या अॅस्टन विरुद्ध हेवन या प्रसिद्ध निकालाने असे ठरले होते की, प्रवासी गाडीचा मालक मालाच्या सुरक्षिततेबाबत जवळजवळ विमेदारासारखा जबाबदार असला तरी प्रवाशाच्या देहाबाबत तो केवळ निष्काळजीपणापुरताच जबाबदार आहे. म्हणजे गाडीत ठेवलेली पेटी हरवली तर मालकाने कारण सांगावयाचे, पण पेटीच्या धन्याचा हात मोडला तर त्या धन्यानेच गाडीवानाचा दोष सिद्ध करावयाचा. पेटीला जे संरक्षण होते ते माणसाला नव्हते. प्रवासी मेला तर त्याहून विचित्र न्याय होता. वैयक्तिक दावा माणसाबरोबर मरतो, या जुन्या सूत्रानुसार त्याच्या बायकापोरांना काहीच मागता येत नसे. गाडीवाल्याच्या दृष्टीने प्रवाशाला जायबंदी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त पडे, हा त्यावरचा उपहास इंग्लंडात बराच जुना आहे. आगगाड्यांच्या अपघातांनी हा उपहास असह्य केला, आणि १८४६ साली लॉर्ड कॅम्बेल यांचा कायदा झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा अधिनियम, म्हणजे प्राणांतिक अपघात अधिनियम आला. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. या अधिनियमाने पत्नी, पती, आईबाप व मुले यांच्यासाठी भरपाई मागण्याचा हक्क प्रथमच निर्माण झाला. भाऊ, बहीण, एकत्र कुटुंबातील विधवा काकू यांना त्यात स्थान नव्हते. इंग्लिश कुटुंबाचा साचा कोकणातील घरावर कसा बसवला गेला, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

धनी कोण, या प्रश्नाचे मूळ उत्तरही त्याच काळातील आहे. १८४० साली इंग्लंडच्या एक्सचेकर न्यायालयापुढे क्वार्मन विरुद्ध बर्नेट हा खटला चालला. दोन वृद्ध स्त्रियांची स्वतःची गाडी होती, पण घोडे आणि गाडीवान त्या एका भाडेवालीकडून आणवीत. गाडीवान बहुतेक वेळा एकच असे, आणि त्याचा पोशाख या स्त्रियांनीच दिलेला होता. एके दिवशी फेरी संपल्यावर तो पोशाखातील टोपी ठेवण्यास घरात गेला, मोकळे सुटलेले घोडे उधळले, आणि त्यांनी दुसऱ्या एका माणसास जखमी केले. न्यायालयाने ठरविले की, गाडी स्त्रियांची, पोशाख त्यांचा, काम त्यांचे, तरी गाडीवान त्यांचा नोकर नव्हे. ज्याने त्याला नेमले आणि जो त्याला काढू शकतो तोच त्याचा धनी. पुढील पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाला जी जी उत्तरे मिळाली, त्या सर्वांमागे ही टोपी कोठे ना कोठे दिसते.

परवान्याची वाट याच सुमारास वेगळी झाली. १८६१ च्या स्टेज-कॅरेज अधिनियमाने प्रवासी घोडागाडीला मॅजिस्ट्रेटचा परवाना आवश्यक केला. परवान्यात मालकाचे नाव व निवास, जास्तीत जास्त किती प्रवासी आणि किती वजनाचे सामान न्यावयाचे, किती घोडे जुंपावयाचे हे लिहिलेले असे, आणि हा तपशील गाडीच्या दर्शनी भागावर रंगवावा लागे. मुंबई शहरासाठी १८६३ चा सार्वजनिक वाहनांचा कायदा आला. या कायद्यांत दंड होते, पण दंडाची रक्कम सरकारजमा होई. जखमी प्रवाशाच्या हाती त्यातील छदामही पडत नसे. गाडीवर धन्याचे नाव रंगविलेले असल्यामुळे प्रतिवादी कोण हे तरी त्याला वाचता येई, एवढाच त्याचा अप्रत्यक्ष लाभ. रेल्वेच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नाही. तेथे प्रतिवादी एकच, आणि तो श्रीमंत.

मोटारगाडीने अपघाताचे प्रमाण व स्वरूप दोन्ही बदलली. १९१४ च्या मोटार वाहन अधिनियमाने नोंदणी आणि चालकाचा परवाना आणला, भरपाईविषयी मात्र तो मुकाच राहिला. नोकर चालकापुरती १९२३ च्या कामगार भरपाई अधिनियमाने काही सोय झाली. प्रवासी वा पादचारी यांना दिवाणी दावा हाच मार्ग होता. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानुसार तो एका वर्षात लावावा लागे आणि मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे. ज्याचा पाय कापला आहे त्याने आधी फी भरावी, मग साक्षीदार आणावेत, आणि हुकूमनामा मिळाल्यावर तो कफल्लक चालकावर किंवा गाडी विकून मोकळ्या झालेल्या मालकावर बजावावा, असा तो क्रम होता.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील आठव्या प्रकरणाने सक्तीचा विमा आणला. हे प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. येथे प्रथमच परवान्याची वाट व भरपाईची वाट एकमेकींजवळ आल्या, कारण विमा उतरविल्याखेरीज वाहन रस्त्यावर आणता येईना. परंतु रकमेला मर्यादा होती, आणि ती वाचली म्हणजे त्या काळी प्रवाशाच्या देहाचे मोल काय धरले जाई ते समजते. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनात सर्व प्रवासी मिळून २०,००० रुपये, आणि त्यात सहापर्यंत प्रवाशांच्या टॅक्सीत दर माणशी ४,००० रुपये, तर त्याहून मोठ्या वाहनात दर माणशी २,००० रुपये, एवढीच विमा कंपनीची जबाबदारी होती. टॅक्सीतला प्रवासी बसमधल्या प्रवाशाच्या दुप्पट मोलाचा ठरला. त्याचे कारण कायद्याने कोठेही दिलेले नाही. १९६९ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढून टॅक्सीसाठी १०,००० व इतर वाहनांसाठी ५,००० झाले, पण दुपटीचे प्रमाण तसेच राहिले.

दरम्यान १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली होती, आणि हळूहळू लांब पल्ल्याची बहुतेक प्रवासी वाहतूक सरकारी झाली. एस.टी.च्या प्रवाशापुरता धनी शोधण्याचा प्रश्न मिटला. उरला तो टॅक्सीचा आणि खासगी भाड्याच्या गाड्यांचा. दादरहून पुण्यास जाणाऱ्या सामायिक टॅक्सी खोपोलीवरूनच घाट चढत. नेरळहून माथेरानच्या वेशीवरील दस्तुरीपर्यंत जाणाऱ्या टॅक्सी, कर्जत स्थानकाबाहेरच्या रिक्षा, गावोगाव फिरणाऱ्या सहा आसनी गाड्या ही सर्व याच वर्गातील वाहने. यांचे मालक एक-दोन गाड्यांचे धनी. त्यांची आर्थिक ताकद चालकाहून फारशी वेगळी नव्हती.

१९५६ च्या दुरुस्तीने अपघात दावा न्यायाधिकरणांची कल्पना आणली, आणि ती फेब्रुवारी १९५७ पासून लागू झाली. दिवाणी न्यायालयाऐवजी साध्या अर्जावर, सुटसुटीत चौकशीने निर्णय द्यावा हा तिचा हेतू. मात्र अर्ज साठ दिवसांच्या आत करावयाचा होता. हाड मोडलेला माणूस दोन महिन्यांत अंथरुणातून उठतोच असे नाही. १९६९ च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिने झाली. अर्ज ज्या क्षेत्रात अपघात झाला त्याच क्षेत्राच्या न्यायाधिकरणापुढे करावा लागे. म्हणून कर्जत-खालापूरचा जखमी मुंबईचा असो वा पुण्याचा, त्याला पेणवरून अलिबागचा रस्ता धरणे भाग होते.

धन्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे जे निर्णय या काळात झाले त्यांतील एक येथे विशेष विचारार्ह आहे. तो १९६६ चा असून गुजरातेतून आलेल्या एका टॅक्सीसंबंधी आहे. मालकाने गाडी टॅक्सी म्हणून चालविण्यासाठी चालकाच्या स्वाधीन केली होती. चालकाने हाताखालच्या पोऱ्याला गाडी शिकविली, आणि परवान्याची परीक्षा देता यावी म्हणून ती त्याच्या हाती दिली. त्या फेरीत अपघात झाला. न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, ही फेरी मालकाच्या धंद्याचा भाग नव्हती, सबब मालक जबाबदार नाही. तर्काच्या दृष्टीने निर्णय क्वार्मनच्या परंपरेतला आहे. जखमीच्या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की, गाडी टॅक्सीची होती, ती रस्त्यावर होती ती मालकाच्या धंद्यामुळे, आणि तरीही जो भरपाई देऊ शकला असता तो सुटला. पुढे १९७७ साली रणजित जिनिंग कंपनीच्या खटल्यात न्यायालयाची दृष्टी बरीच उदार झालेली दिसते. कंपनीची मोटार तिच्या व्यवस्थापकाने नागपूरहून पांढुर्ण्यास नेत असताना झाडावर आदळून सहप्रवासी दगावला, तेथे कंपनी जबाबदार ठरली. गाडी कोणी चालविली यापेक्षा ती कोणाच्या कामाने चालली होती, याकडे वळलेली ही नजर लक्षात घेण्याजोगी आहे.

१९८१ च्या एका निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी विम्याच्या मर्यादेतील 'एक अपघात' या शब्दांचा अर्थ जखमीच्या बाजूने लावला. एका टकरीत पाच माणसे सापडली तर प्रत्येकाच्या दृष्टीने तो त्याचा स्वतंत्र अपघात आहे, असा त्याचा आशय. त्यानंतर थोड्याच काळाने, १ ऑक्टोबर १९८२ पासून, दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळण्याची तरतूद आली. न्यायाची कल्पना येथे मुळातूनच बदलली. दोष कोणाचा, हा प्रश्न बाजूला ठेवूनही काही देणे लागते, हे कायद्याने प्रथम मान्य केले. १९८८ च्या नव्या अधिनियमाने, जो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला, सार्वजनिक वाहनातील प्रवाशाबाबतची विम्याची कमाल मर्यादा काढून टाकली. दुपटीच्या त्या जुन्या हिशेबाचा शेवट त्याआधीच, १९८२ च्या दुरुस्तीने, झाला होता.

१९९४ च्या दुरुस्तीचा परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने वेगळ्या कारणासाठी ध्यानात घ्यावयास हवा. तिने अर्जाची मुदत काढून टाकली आणि अर्जदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली. जखमींना ही मोठीच सवलत होती. पण तिच्यामुळे एका तालुक्याच्या अपघातांचा इतिहास विखुरला. १९९४ पूर्वीचे खालापूरचे दावे एका जिल्ह्याच्या दप्तरात असावयाचे. नंतरचे दावे मुंबई, ठाणे, पुणे, सोलापूर, किंबहुना प्रवासी जेथून आला असेल तेथील दप्तरात गेले. पंचनामा खालापूर वा खोपोलीच्या पोलिस ठाण्यात, निवाडा दूरच्या शहरात, अशी ही फाळणी आहे. कर्जतच्या दप्तरांची अशी एक फाळणी त्याआधीही झाली होती. १८९१ पूर्वी हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे घोडागाडीच्या काळातील कागद शोधणाऱ्यास अलिबागऐवजी ठाण्याकडे वळावे लागते. आणखी एक बाब अशी की, दावा लावणारे बहुतांशी शहरातील प्रवासी असावयाचे. रस्त्याकडेचा आदिवासी पादचारी जखमी झाला तर त्याचा उल्लेख पंचनाम्यात सापडेल, निवाड्यात सापडेलच असे नाही. केवळ निवाडे वाचून या रस्त्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हा रस्ता प्रवाशांचाच वाटेल.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. वाट दाखविल्याचा मोबदला म्हणून त्याला मरण मिळाले असे ती सांगते, आणि चालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. त्याच परिसरात १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे भाड्याने ठरविलेली एक खासगी बस दरीत कोसळून १३ जण मृत्यू पावले. ते पुण्याहून कार्यक्रम करून मुंबईस परतणारे ढोल-ताशा पथकातील तरुण होते. अशा प्रसंगी शासन मदत जाहीर करते आणि न्यायाधिकरणापुढील दावा त्यानंतर सुरू होतो. पहिली गोष्ट अनुग्रहाची आहे, दुसरी हक्काची. वृत्तपत्रांतून पहिलीच अधिक दिसते.

अॅपवरील टॅक्सीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ओला ही कंपनी २०१० साली मुंबईत स्थापन झाली, उबर २०१३ साली भारतात आली, आणि काही वर्षांतच मुंबई-पुणे प्रवासासाठी किंवा कर्जतच्या शेतघरांकडे जाण्यासाठी मोबाइलवरून गाडी बोलावणे ही नित्याची गोष्ट झाली. भाडे कंपनी ठरविते, प्रवासी तीच पाठविते, चालकाला गुण देते आणि कमी गुणांच्या चालकाला यादीतून काढूनही टाकते. गाडी मात्र चालकाची किंवा दुसऱ्याच कोणाची, तिचे कर्ज त्याच्या डोक्यावर, विमा त्याच्या नावावर. कंपनीचे म्हणणे असे की, आपण केवळ दोघांची गाठ घालून देणारे मध्यस्थ आहोत. क्वार्मनच्या कसोटीने पाहिले तर नेमणारा आणि काढणारा तोच धनी. येथे तर टोपीही कंपनीचीच आहे.

इतर देशांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अशा एका गाडीखाली सहा वर्षांची मुलगी ठार झाली. त्या क्षणी चालकाचे अॅप चालू होते पण गाडीत प्रवासी नव्हता, म्हणून चालक आपल्या सेवेत नव्हता असे कंपनीने म्हटले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१४ साली कायदा करून अॅप चालू असण्याची अवस्था, प्रवासी स्वीकारल्याची अवस्था आणि प्रत्यक्ष प्रवास यांची विभागणी केली, आणि प्रत्येक अवस्थेला विम्याची रक्कम नेमून दिली. प्रवासी गाडीत असताना ती दहा लाख डॉलर आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या टॅक्सीचालकांच्या खटल्यात उबरची सेवा ही मूलतः वाहतूक सेवाच आहे, असे ठरविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या चालकांना कामगारांचे हक्क दिले. हा शेवटचा निर्णय भरपाईचा नव्हे, पण नियंत्रण कोणाचे या प्रश्नावरच तो उभा आहे.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने अॅग्रिगेटर हा शब्द मोटार वाहन अधिनियमात आणला. प्रवाशाने वाहतुकीसाठी चालकाशी संपर्क साधावा म्हणून असलेला डिजिटल मध्यस्थ वा बाजारपेठ, अशी त्याची व्याख्या आहे. कंपनी स्वतःचे जे वर्णन करीत होती तेच जवळजवळ कायद्याने उचलले. या मध्यस्थास परवाना आवश्यक झाला, आणि परवान्याविना धंदा केल्यास २५,००० ते १ लाख रुपये दंडाची तरतूद झाली. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी चालकासाठी ५ लाखांचा आरोग्यविमा व १० लाखांचा मुदतविमा उतरविण्याचे बंधन घातले. महाराष्ट्रात परवान्याशिवाय या कंपन्या चालू आहेत ही बाब, प्रवाशांच्या तक्रार-निवारणाची सोय अपुरी असल्याबद्दलच्या एका जनहित याचिकेतून, मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ठळकपणे आली. न्यायालयाने त्यांना त्याच महिन्यात परवान्यासाठी अर्ज करण्यास सांगितले.

हे सारे परवान्याच्या वाटेवरचे आहे. भरपाईच्या वाटेवर, म्हणजे अधिनियमाच्या अकराव्या व बाराव्या प्रकरणांत, अॅग्रिगेटर हा शब्द २०१९ च्या दुरुस्तीने घातला नाही. तेथे देणे लागतो तो वाहनाचा मालक किंवा त्याचा विमेदार. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये देणारे १ एप्रिल २०२२ पासूनचे नवे कलमही याच दोघांना उद्देशून आहे. मालक म्हणजे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा स्पष्ट केले. १८६१ च्या कायद्याने दंड आणि भरपाई यांत जी फट ठेवली होती ती येथे तशीच उघडी दिसते.

विमा असताना ही फट जाणवत नाही, असा आक्षेप घेता येईल. बहुतेक प्रकरणी तो खराही आहे. रीतसर टॅक्सी, चालू विमा, योग्य चालक असेल तर जखमीला कंपनीकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. अडचण येते ती विमा संपलेला असला, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालविली जात असली, किंवा अॅपवर नाव एकाचे आणि हाती चाक दुसऱ्याच्याच असले तर. परवान्याविना वाहन चालविणे हा विम्याच्या अटीचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. मात्र विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, हा आदेश त्यानेच कायम ठेवला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला टॅक्सीसाठी वेगळी नोंद लागते की नाही, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे भांडल्या. तो वाद नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरता चालकांच्या बाजूने मिटविला. तिसरी स्थिती, म्हणजे खात्यावर एक आणि गाडीत दुसरा, ही तर १९६६ च्या टॅक्सीचीच पुनरावृत्ती होय.

कंपनीला धनी ठरविण्यास आधार नाही असे मात्र नाही. १९९७ साली राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात बस खासगी मालकाची व चालक त्याचाच होता, परंतु तिकिटे महामंडळाची, वाहक महामंडळाचा आणि मार्गही त्यानेच आखलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष ताबा व नियंत्रण पाहून महामंडळास जबाबदार धरले. मार्ग, भाडे आणि शिस्त या तिन्ही गोष्टी अॅपच्या कंपनीकडेही असतात. मात्र तो निर्णय १९३९ च्या अधिनियमाखालचा असून त्यातील मालकाची व्याख्या आजच्याहून सैल होती, हे त्याचा आधार घेणाऱ्याने विसरता कामा नये. मोटार अधिनियमाबाहेर, सामान्य अपकृत्याच्या कायद्यानुसार स्वामी-सेवक न्यायाने कंपनीवर दावा मांडण्याचा मार्ग खुला आहे. तो मार्ग म्हणजे पुन्हा १८२७ च्या रेग्युलेशनाने दाखविलेली न्याय, समता व सद्सद्विवेकाची वाट.

या सर्व विवेचनात चालक स्वतः मागे राहतो. दुसऱ्याच्या टॅक्सीवरील नोकर चालक जखमी झाला तर १९२३ च्या अधिनियमाखाली त्याला मालकाकडे मागणी करता येत असे. अॅपवरचा चालक स्वतःच मालक असेल आणि दोषही त्याचाच असेल, तर त्रयस्थ म्हणून त्याला कोणाकडेच मागता येत नाही. २०१८ पासून मालक-चालकासाठी सक्तीचा केलेला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आणि मार्गदर्शक सूचनांतील वर सांगितलेले विमे, एवढाच त्याचा आधार. खालापूरच्या पथकर नाक्यापलीकडे, घाट उतरून आलेल्या ट्रकने मागून धडक दिली तर तो वादी होतो. त्यानेच डुलकी घेऊन पुढच्या गाडीवर धडक दिली तर तो प्रतिवादी होतो. गाडी तीच, फेरी तीच, पाठविणारी कंपनीही तीच, आणि पहिल्या दाव्याप्रमाणे दुसऱ्या दाव्याच्या शीर्षकातही तिचे नाव बहुधा नसते. १८६१ च्या घोडागाडीवर धन्याचे नाव रंगविलेले असे. या गाडीवर नोंदणी क्रमांक असतो, आणि धंद्याच्या धन्याचे नाव प्रवाशाच्या मोबाइलवरील त्या फेरीच्या पावतीत असते.